घोट्याची प्लेट: कोणती, कशासाठी आणि कितीला?

घोटा मोडलेल्या माणसाच्या नातेवाइकांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारला जातो. प्लेट साधी टाकायची की लॉकिंग? स्टीलची की टायटॅनियमची? आपल्याकडची की इम्पोर्टेड? विचारणारे बहुधा सर्जन नसतात, बिलिंगच्या खिडकीवरचे कर्मचारी किंवा वॉर्डातले सहायक असतात. समोर दोन-तीन आकडे येतात. सगळ्यांत मोठा आकडा म्हणजे सगळ्यांत चांगला इलाज, अशी घरच्यांची समजूत होते आणि 'पैशाचं नंतर बघू' म्हणत सही केली जाते.

सही करण्याआधी एवढे माहीत असावे, की नेहमीच्या, साध्या मोडीत आणि हाड दणकट असताना महाग प्लेटेमुळे पाय अधिक चांगला किंवा लवकर बरा होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. सांधा नेमका जुळला का, सूज उतरल्यावरच कातडीला छेद दिला का आणि पुढचे तीन महिने काळजी घेतली का, यावर चाल ठरते. महाग प्लेट खरोखर लागते असे रुग्णही आहेत. आपण त्यांत बसतो का, हे खिडकीवर नव्हे, एक्स-रे समोर धरून सर्जनना विचारायचे असते.

घोट्यात तीन हाडे येतात. नडगीचे टोक म्हणजे आतला घोटा, शेजारच्या बारीक हाडाचे, फिब्युलाचे, टोक म्हणजे बाहेरचा घोटा. या दोघांच्या चौकटीत टेलस नावाचे हाड बसते आणि शरीराचा सगळा भार त्याच्यावरून पावलात उतरतो. नडगीला मागच्या बाजूला एक कंगोरा असतो, तोही मोडू शकतो. दोन्ही घोटे मोडले तर रिपोर्टवर 'बायमॅलिओलर' लिहिलेले असते, मागचा कंगोराही गेला तर 'ट्रायमॅलिओलर'. रॅम्सी आणि हॅमिल्टन या दोन संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की टेलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकला तरी सांध्यातला संपर्क सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे भार तेवढाच, पण तो झेलणारी जागा जवळपास निम्मी. अशा सांध्याची झीज लवकर होते. घोट्याच्या ऑपरेशनची सगळी धडपड त्या एका मिलिमीटरसाठी असते. तो जुळवतो सर्जनचा हात. जुळवलेले हाड भरून येईपर्यंत जागेवर धरून ठेवणे, एवढेच प्लेटेचे काम.

ऑपरेशन लागतेच का?

सगळ्यांत स्वस्त प्लेट म्हणजे जी टाकावी लागली नाही ती. बाहेरचा घोटा एकटाच मोडला असेल आणि सांधा स्थिर असेल, तर प्लास्टर किंवा ब्रेसवर तो चांगला भरून येतो. फिब्युला सांध्याच्या पातळीखाली मोडली तर 'वेबर ए', पातळीवर मोडली तर 'बी', वर मोडली तर 'सी', असे तीन प्रकार डॉक्टर मानतात. 'ए' बहुधा प्लास्टरवर भागते, 'सी'ला बहुधा ऑपरेशन लागते. खरा प्रश्न 'बी'चा असतो आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर, शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय मुरगळून येणाऱ्यांत 'बी'च जास्त. या मोडीत आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी उभे राहून किंवा पावलाला ताण देऊन एक्स-रे काढतात. त्याचा खर्च काहीशे रुपये, पण त्याने लाखभराचे ऑपरेशन टळू शकते. पडून काढलेल्या एकाच एक्स-रेवर 'बी' मोडीचे ऑपरेशन ठरत असेल, तर 'ताण देऊन एक्स-रे काढता येईल का?' असे जरूर विचारा. स्थिर मोड असेल तर प्लास्टरही सहा आठवडे लागतेच असे नाही. फिनलंडमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन आठवड्यांचे प्लास्टर सहा आठवड्यांच्या प्लास्टरपेक्षा कमी ठरले नाही.

साठीच्या पुढच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये ६२० ज्येष्ठांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. अस्थिर मोड असूनही अर्ध्यांना ऑपरेशन आणि अर्ध्यांना भूल देऊन, हाड बसवून, पायाला घट्ट लागून राहणारे खास प्लास्टर, अशी ती विभागणी होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची चाल सारखीच होती. ऑपरेशनच्या गटात जखमेचा त्रास आणि जंतुसंसर्ग जास्त, तर प्लास्टरच्या गटात हाड थोडे वाकडे जुळण्याचे प्रमाण जास्त, आणि त्यांतल्या काहींना पुढे ऑपरेशन करावेच लागले. म्हणून हा सरसकट सल्ला नव्हे. पण मधुमेह असलेल्या, पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्या आजींच्या बाबतीत हा पर्याय बोलण्यात तरी यायलाच हवा.

याच्या उलट, पाय जागेवरून सरकलेला दिसत असेल, हाड कातडीबाहेर आले असेल किंवा बोटे गार-बधिर पडत असतील, तर दर विचारत फिरू नका. सरकलेला सांधा आधी जागेवर बसवून स्लॅब (अर्धे प्लास्टर) घालणे ही तातडीची बाब आहे. ती कोणत्याही सुसज्ज अपघात विभागात होते. प्लेटेचा विचार त्यानंतर.

प्लेटांचे प्रकार

बाहेरच्या घोट्यासाठी जगभर सगळ्यांत जास्त वापरली गेलेली प्लेट म्हणजे 'वन-थर्ड ट्यूब्युलर'. पातळ, जेमतेम १ मिलिमीटर जाडीची, हाडाच्या गोलाईवर वाकवता येणारी. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जन एकत्र आले आणि त्यांनी 'एओ' हा गट उभारला. मोडलेले हाड प्लेट-स्क्रूने पक्के धरण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली, ही प्लेट त्याच परंपरेतली. तिरप्या मोडीत आधी एक स्क्रू दोन्ही तुकड्यांना आवळून धरतो आणि ही प्लेट त्याला संरक्षण देते. भारतीय बनावटीची, स्टीलची, स्क्रूंसह ती बिलात ढोबळमानाने दोन ते सहा हजारांत बसते.

तीच प्लेट बाजूला न लावता हाडाच्या मागच्या अंगाला लावली, की तिला 'अँटिग्लाइड' म्हणतात. मोडलेला तुकडा मागे-वर सरकू पाहतो, प्लेट त्याची वाटच अडवते. पकड यंत्रदृष्ट्या मजबूत, स्क्रू सांध्यात घुसण्याची भीती कमी आणि कातडीखाली प्लेट हाताला लागत नाही. खाली फार उतरवली तर मागून जाणाऱ्या स्नायुबंधांना मात्र ती घासू शकते. विशेष म्हणजे खर्चात एका रुपयाचाही फरक नाही, फक्त जागा बदलते. हाड थोडे ठिसूळ असेल, तर 'लॉकिंगऐवजी मागून प्लेट लावून चालेल का?' हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

लॉकिंग प्लेटेत स्क्रूचे डोके प्लेटेच्या आट्यांत बसते. हाडाची पकड कमी असली तरी स्क्रू आणि प्लेट मिळून एकसंध आधार होतो. म्हणून ठिसूळ हाड, चुरा झालेली मोड, टोकाचा अगदी लहान तुकडा किंवा पायाची संवेदना गेलेला मधुमेही रुग्ण, या ठिकाणी तिचे मोल आहे. तिथे खर्च करायला हात आखडू नका. पण पस्तिशीतल्या धडधाकट माणसाच्या साध्या तिरप्या मोडीत तिचा वेगळा फायदा दिसलेला नाही. उलट घोट्यावर मांस नसते, कातडी पातळ असते. जाड लॉकिंग प्लेटेवर जखमेच्या तक्रारी जास्त आढळल्याचे युरोपातल्या एका रुग्णालयाच्या अभ्यासात नोंदले गेले आहे. बिलातला ढोबळ दर असा: भारतीय स्टीलची स्क्रूंसह आठ ते वीस हजार, भारतीय टायटॅनियमची पंधरा ते पस्तीस हजार, इम्पोर्टेड चाळीस हजारांपासून पुढे.

टायटॅनियमबद्दल दोन गैरसमज ऐकू येतात. एक, 'स्टील असेल तर एमआरआय करता येत नाही.' इम्प्लांटसाठी वापरले जाणारे ३१६एल स्टील चुंबकाला चिकटत नाही. त्या जागेची प्रतिमा धूसर येते एवढेच, आणि डोके किंवा कंबर तपासायची असेल तर तीही अडचण नाही. प्लेट असल्याचे तिथल्या तंत्रज्ञांना सांगितले म्हणजे झाले. दोन, 'टायटॅनियम काढावे लागत नाही.' त्रास झाला तर तेही काढावे लागते. शिवाय टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू कधीकधी प्लेटेत जाम होतात आणि काढताना सर्जनना घाम फुटतो. निकेलची खरी अ‍ॅलर्जी असेल तर मात्र टायटॅनियमच घ्यावे.

आतल्या घोट्याला बहुधा प्लेट लागतच नाही. ४ मिलिमीटरचे दोन स्क्रू पुरतात, तुकडा लहान असेल तर तार बांधतात. मोड उभी असेल तर मात्र आधार देणारी प्लेट लागते. मागच्या कंगोऱ्यासाठी आधी सीटी स्कॅन करावा. तीन-चार हजारांचा हा खर्च वाचवण्याजोगा नाही, कारण तुकडा किती मोठा आणि कुठे दबला आहे ते साध्या एक्स-रेत नीट कळत नाही.

सगळ्यांत मोठी दरी आहे ती नडगी आणि फिब्युला यांना जोडणारा बंध, म्हणजे सिंडेस्मोसिस, फाटला असेल तेव्हा. तो धरायला साधा स्क्रू लागतो काहीशे रुपयांचा आणि दोरा-बटण पद्धतीला लागतात भारतीय बनावटीचे दहा ते पंचवीस हजार, इम्पोर्टेडचे त्याच्या दुप्पट किंवा जास्त. इथे महाग पर्यायाच्या बाजूनेही बोलावे लागेल. दोरा-बटणाची पकड थोडी लवचीक असते, बंध वाकडा धरला जाण्याचे आणि दुसऱ्या ऑपरेशनचे प्रमाण त्यात कमी असल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण स्क्रू टाकला म्हणजे तो तीन महिन्यांनी काढावाच लागतो, हे मात्र आता खरे राहिलेले नाही. नेदरलँड्समधल्या चाचणीत त्रास झाला तरच स्क्रू काढलेल्या रुग्णांची चाल, सरसकट काढलेल्यांपेक्षा कमी नव्हती. त्यामुळे 'स्क्रू टाकला तर पुढे काढण्याचा खर्च येईल, त्यापेक्षा बटणच घ्या' असे कोणी सांगितले, तर तो हिशेब पुन्हा मांडा. फिब्युलात बारीक छेदातून घालायची सळईही असते. कातडी खराब असलेल्या वृद्धांत ती उपयोगी पडते, पण ती बसवण्याचा सराव असलेले सर्जन हवेत.

एकूण बिल आणि त्यातल्या जागा

प्लेट हा बिलाचा एक भाग. सर्जन, भूलतज्ज्ञ, सहायक, ऑपरेशन थिएटर, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचे एक्स-रे यंत्र), खोली, औषधे, साहित्य आणि तपासण्या मिळून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी लहान खासगी रुग्णालयात दोन घोट्यांच्या मोडीचा खर्च साधारण पंचेचाळीस ते नव्वद हजारांत जातो. पुणे, नाशिक, नागपूरच्या मध्यम रुग्णालयांत नव्वद हजार ते पावणेदोन लाख. मुंबई-पुण्याच्या कॉर्पोरेट रुग्णालयात स्वतंत्र खोली आणि इम्पोर्टेड इम्प्लांट घेतले तर दोन लाखांच्या बरेच पुढे. हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या हातात हवा तो लेखी अंदाज, आणि त्यात इम्प्लांटची ओळ वेगळी हवी: कोणती प्लेट, कोणत्या कंपनीची, कोणत्या धातूची, किती स्क्रू, किंमत किती. 'इम्प्लांट अ‍ॅज पर अ‍ॅक्च्युअल' एवढेच लिहिलेला अंदाज म्हणजे कोरा चेक.

हा आग्रह का, तेही सांगतो. हृदयातले स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांच्या किमतींवर सरकारने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, पण मोडलेल्या हाडांच्या प्लेटांवर तशी मर्यादा नाही. वर्षाला एमआरपी १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढेच बंधन आहे. मूळ एमआरपीच खरेदीच्या किमतीच्या कितीतरी पट छापली असेल, तर त्या बंधनाने रुग्णाचा काही फायदा होत नाही. औषध किंमत नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली तेव्हा काही साहित्यावर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा दिसला. त्यामुळे एमआरपीवर सवलत मागणे हा उद्धटपणा नाही. नम्रपणे मागा, बऱ्याच ठिकाणी मिळते.

खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपयांच्या वर गेले, की त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. विम्यात खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो, मात्र इम्प्लांट, औषधे आणि तपासण्या यांच्यावर अशी कपात करता येत नाही. दावा कापला गेला असेल तर हे तपासून पाहा. पॉलिसी घेतल्यानंतरचा ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ अपघाताला लागू नसतो.

एक मोठी बचत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घोटा सुजला असेल, फोड आले असतील तर ऑपरेशन आठवडाभर किंवा त्याहून जास्त थांबवावे लागते. कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या की छेद द्यायचा. हे दिवस रुग्णालयातच काढले पाहिजेत असे नाही. सांधा जागेवर बसलेला असेल, जखम उघडी नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर स्लॅब घालून, पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवून घरी थांबता येते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध लागेल का, तेवढे विचारून घ्या. या दिवसांत साखर आटोक्यात आणा आणि तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद करा. जखम न भरण्यामागे यांच्याइतके मोठे कारण दुसरे नाही आणि चिघळलेल्या जखमेचा खर्च कोणत्याही इम्पोर्टेड प्लेटेपेक्षा जास्त.

कमी पैशांत किंवा पैशांविना

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरीच नव्हे, पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेच्या पॅकेजमध्ये इम्प्लांट धरलेले असते, त्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, म्हणून दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. शिधापत्रिका आणि ओळखपत्र सोबत ठेवा. आधी रोखीने दाखल होऊन मागून योजनेत जाऊ, असे ठरवले तर फसगत होते.

रस्त्यावरच्या वाहन अपघातात घोटा मोडला असेल, तर केंद्राच्या २०२५ च्या योजनेत ठरवलेल्या रुग्णालयांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, पण अपघातापासून सातच दिवस. सुजेमुळे ऑपरेशन लांबले तर ही मुदत हातची निघून जाते, म्हणून पुढची सोय पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. दुर्बल घटकातल्या रुग्णाला इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला लावायचे असते, एमआरपीला नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा आणि दाखल होतानाच तिथल्या समाजसेवा विभागात अर्ज द्या.

घरी आल्यावर

अंदाजपत्रकात न येणारा खर्च इथून सुरू होतो. वॉकर, बूट, फिजिओथेरपी, ये-जा करायला रिक्षा, कमोडची खुर्ची आणि बुडालेली मजुरी. भार कधी टाकायचा हे नेमके विचारा, कारण इथेही विचार बदलला आहे. ब्रिटनमध्ये ४८० रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी पाय टेकायला सुरुवात केलेल्यांची प्रगती सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा कमी नव्हती. ज्याचे हातावर पोट आहे त्याच्यासाठी हे चार आठवडे मोलाचे आहेत. सिंडेस्मोसिस फाटला असेल, मधुमेहाने पाय बधिर असेल किंवा हाड ठिसूळ असेल तर घाई नको. उजवा पाय असेल तर ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला सुमारे नऊ आठवडे लागतात, तोवर गाडी चालवू नका. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे हळूहळू जमते, त्यासाठी घोट्याचे व्यायाम पहिल्या महिन्यापासून नेटाने करावे लागतात.

प्लेट पुढे काढायची का? टोचत नसेल, चप्पल-बुटाला लागत नसेल, तर राहू द्या. काढायचीच झाली तर वर्षभरानंतर, आणि त्यासाठी पुन्हा पंचवीस ते साठ हजार लागू शकतात.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, तरी चार गोष्टी मागून घ्या: तपशीलवार बिल, ऑपरेशनची नोंद, ऑपरेशननंतरच्या एक्स-रेची फिल्म किंवा सीडी आणि इम्प्लांटचे स्टिकर. स्टिकरवर कंपनीचे नाव, मापे, लॉट क्रमांक असतो. एक्स-रेत जितके स्क्रू दिसतात तितकेच बिलात आहेत ना, हे तिथेच मोजा. कागद मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. बिलाबद्दल तक्रार असेल तर आधी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे लेखी द्या, मग स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांच्या तक्रार निवारण कक्षाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तोवर यातला एकही कागद टाकू नका.